लाइफ कोच म्हणजे कोण, आणि त्याच्याकडे कोणी जावे?



खोडव्याच्या नोंदी चालू असताना एके दिवशी गट ऑफिसात एका सभासदांचे चिरंजीव आले. हातात रंगीत पत्रक होते. शहरातल्या एका मोठ्या हॉटेलात दोन दिवसांचे शिबिर, जेवणखाण त्यातच, आणि शिबिर घेणार कोण तर 'लाइफ कोच'. पत्रक आमच्यापुढे टाकून त्याने विचारले, "साहेब, हे लाइफ कोच म्हणजे नक्की काय असतंय? आबा म्हणतात साहेबांना विचार, ते हो म्हणाले तर पैसे देतो."

आता ऊस विकास अधिकाऱ्याने बेणे, खत, पाणी आणि हुमणी यांच्याबद्दल बोलावे. आयुष्याबद्दल बोलण्याचा आमचा डिप्लोमा नाही. पण आबांनी पैशाची जबाबदारी आमच्या गळ्यात घातली होती, आणि ते पैसे दुसऱ्या हप्त्याच्या बिलातून जाणार होते. त्यामुळे आम्ही त्याला आठ दिवसांची मुदत मागितली आणि या विषयावर मिळेल ते वाचले. दरम्यान आणखी तिघा-चौघांनी हाच प्रश्न केला, तेव्हा वाटले की सर्वांसाठीच एकदा लिहून काढावे.

पहिल्यांदा शब्दाचे बघू. आपल्या आजोबांच्या वेळी कोच म्हणजे वाड्याच्या सोप्यात ठेवलेली गादीची बैठक. हा कोच तो नव्हे. हंगेरी देशात कोच नावाचे एक गाव आहे. पंधराव्या शतकात तिथे घोडागाड्या फार चांगल्या बनत, म्हणून त्या गाडीलाच गावाचे नाव पडले आणि ते युरोपभर पसरले. पुढे १८३० च्या सुमारास इंग्लंडात ऑक्सफर्डचे विद्यार्थी परीक्षेची तयारी करून घेणाऱ्या खाजगी शिक्षकाला थट्टेने कोच म्हणू लागले, कारण तो पोराला गाडीत बसवून परीक्षेच्या पलीकडे नेऊन सोडतो! तेथून हा शब्द खेळाच्या मैदानावर गेला, आणि क्रिकेटच्या कोचपर्यंत तो आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे.

मैदानावरून तो माणसाच्या रोजच्या जगण्यात कसा आला, ही गोष्ट मात्र ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेत टिमोथी गॅलवे नावाचे टेनिस शिकवणारे गृहस्थ होते. त्यांच्या ध्यानात असे आले की, "मनगट असे धर, खांदा असा वळव, चेंडूवर नजर ठेव" असे जितके ओरडून सांगावे तितका शिकणारा जास्त चुकतो. मग त्यांनी सांगणे कमी केले. चेंडू जमिनीवर टप्पा घेईल तेव्हा शिकणाऱ्याने तोंडाने 'टप्पा' म्हणायचे, आणि आपल्या बॅटला लागेल तेव्हा 'फटका' म्हणायचे, एवढेच काम त्याला दिले. तेवढे म्हणायचे तर चेंडूकडे बघावेच लागते. नजर आपोआप बसली आणि हातही सुधारला. १९७४ साली त्यांनी यावर पुस्तक लिहिले, आणि ते खेळाडूंपेक्षा कंपन्यांच्या मॅनेजरांनी जास्त वाचले असे म्हणायला हरकत नाही. पुढे जॉन व्हिटमोर या इंग्रज गृहस्थांनी, जे आधी मोटारशर्यतीत गाड्या चालवीत, हीच रीत ऑफिसांत आणि कारखान्यांत नेली. त्यांचे पुस्तक १९९२ चे. त्याच वर्षी अमेरिकेत थॉमस लिओनार्ड यांनी कोच तयार करण्याची शाळा काढली. हे लिओनार्ड मूळचे लोकांच्या पैशाचे नियोजन करून देणारे सल्लागार. त्यांच्याकडे येणारी माणसे पैसा कुठे गुंतवू हे विचारायला येत, आणि बोलता बोलता पुढे काय करू, नोकरी सोडू का, यावर उतरत. १९९५ साली त्यांच्याच पुढाकाराने कोच मंडळींची आंतरराष्ट्रीय संघटना झाली. म्हणजे हा धंदा म्हणून पाहिला तर वयाने तीस वर्षांच्या आसपास, आपल्या बऱ्याच सभासदांच्या विहिरींपेक्षा तरुण आहे.

आता तो करतो काय? मराठीत काही जण त्याला मार्गदर्शक म्हणतात. आमच्या मते हा शब्द नेमका चुकीचा आहे. मार्गदर्शक मार्ग दाखवतो. कोचने तो दाखवायचा नसतो. तालमीतला वस्ताद डाव दाखवतो, चुकले तर पाठीत धपाटा घालतो. कोच तेही करीत नाही. तो प्रश्न विचारतो, ऐकतो, आणि तुम्हीच बोललेले तुमच्यापुढे परत ठेवतो. व्हिटमोर यांच्या पुस्तकामुळे सगळीकडे गेलेली पद्धत चार टप्प्यांची आहे: तुला काय साधायचे आहे, आज परिस्थिती काय आहे, कोणकोणते रस्ते आहेत, आणि त्यांतले तू नक्की काय व कधी करणार. साधारण तासभराची एक बैठक, आठवड्याने किंवा पंधरवड्याने पुढची, अशा काही महिने चालतात. समोरासमोर, नाहीतर हल्ली फोनवरही. मागच्या बैठकीत जे करतो म्हणालास ते केलेस का, हा प्रश्न दर वेळी असतोच, आणि आम्हाला वाटते निम्मे काम त्या एका प्रश्नातच होते.

एवढ्यासाठी पैसे कशाला द्यायचे, असे कोणालाही वाटेल. आम्हालाही वाटले. पण वाचता वाचता आम्हाला आमचीच एक चूक आठवली, आणि ती इथे सांगितल्याशिवाय हा विषय समजणार नाही.

आमच्या गटात एक जुने सभासद आहेत. रान चांगले, बेणे चांगले, माणूस कष्टाळू. पण उन्हाळ्यात पाणी पुरत नाही आणि दर वर्षी उसाची वाढ एप्रिल-मेमध्ये थांबते. आम्ही त्यांना ठिबक करा म्हणून तीन वर्षे सांगितले. रानात जाऊन सांगितले, सभेत सांगितले, दुसऱ्याच्या प्लॉटवर नेऊन दाखवले, अनुदानाचा फॉर्म आमच्या हाताने भरून दिला. ते दर वेळी म्हणत, "व्हय साहेब, करूया की." आणि करीत नसत. शेवटी आम्ही मनात त्यांची नोंद आळशी अशी केली. एवढेच नव्हे, एका बैठकीत चार माणसांदेखत बोललोही की, काही जणांना सुधारायचेच नसते. ते खाली मान घालून बसून राहिले.

पुढच्या हंगामात एका रात्री त्यांचा ट्रॅक्टर काट्यावर रांगेत होता आणि आम्हीही तिथे होतो. शेकोटीपाशी चहा घेताना, काही ठरवून नव्हे, सहज तोंडातून गेले, "अण्णा, ठिबकचं मी सांगतो ते जाऊ द्या. तुम्हाला त्यात अडचण काय वाटते?" बराच वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, "साहेब, हीर दोघा भावांत हाय. तीन दिस त्याचं पाणी, तीन दिस माझं. ठिबक म्हणजे रोज थोडं थोडं पाणी सोडाय पाहिजे. मग पाळी बदलाय लागती. आन् पाळी बदलायची तर त्याच्याशी बोलाय लागतं. वाटणी झाल्यापास्नं आमी बोलत न्हाई. तुम्ही तीन वरसं सांगताय, पर कधी इचारलंच न्हाई की."

बंधूंनो, आम्ही ठिबकच्या नळीचा व्यास सांगत होतो, आणि अडचण भावाच्या दारापर्यंतच्या चाळीस पावलांची होती. त्या रात्री मात्र आम्ही सल्ला दिला नाही, कारण यात देण्यासारखा सल्ला आमच्याजवळ नव्हता. फक्त विचारले, "त्या घरात कोणाशी बोलणं सुरू आहे?" ते म्हणाले, "वहिनी बोलतात. पोरंबी येत्यात." "मग पहिलं कुणाकडं जावंसं वाटतं?" "वहिनींकडंच." "कधी?" यावर ते हसले आणि म्हणाले, "पाडव्याला जातो." गेले. पहिल्या खेपेला काही झाले नाही, चहा पिऊन परत आले. बोलणे व्हायला पुढची संक्रांत उजाडली. आज दोघे भाऊ मोटर दिवसाआड न वाटता तासांवर वाटून घेतात. अण्णांच्या दोन एकरांपैकी एका एकरावर ठिबक आहे, दुसऱ्यावर अजून पाटपाणीच आहे. चार माणसांदेखत बोललो होतो त्याबद्दल आम्ही चार माणसांदेखतच त्यांची क्षमा मागितली आहे. ही गोष्ट इथे त्यांच्या परवानगीने लिहिली.

कोच करतो ते हे. आम्ही ते एका रात्री चुकून केले. तो ते शिकून, ठरवून आणि रोज करतो.

आणि शेतीखात्याला ही गोष्ट अगदी परकी आहे असेही नाही. इंडोनेशियात भातावर तपकिरी तुडतुडे फार माजले होते. औषध जितके मारावे तितके मित्रकीटक मरत आणि तुडतुडे वाढत. १९८६ साली तिथल्या सरकारने भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली, आणि १९८९ पासून जागतिक अन्न व शेती संघटनेच्या मदतीने शेतकऱ्यांच्या शेतातच शाळा भरू लागल्या. त्या शाळेत तज्ज्ञाने भाषण करायचे नाही असा दंडक होता. आठवड्यातून एकदा शेतकरी गटाने रानात उतरायचे, रोप, किडी, कोळी, पाणी जे दिसेल ते कागदावर चितारायचे आणि फवारणी करायची की नाही ते आपसांत बोलून ठरवायचे. एखाद्याने "हा किडा कोणता?" असे विचारले तर शिकवणाऱ्याने नाव न सांगता उलट विचारायचे, "तुम्हाला कुठे सापडला? काय करीत होता?" ही शेतीशाळा पुढे पुष्कळ देशांत गेली, आपल्याकडेही आली. आपल्याकडे मात्र काही ठिकाणी तिचे पुन्हा भाषण झाले, हे आम्ही आमच्याच खात्याबद्दल नाइलाजाने म्हणतो.

आता कोणाला याचा उपयोग व्हावा? आमचा अंदाज असा की, ज्याची प्रकृती बरी आहे, ज्याला दोन वेळचे अन्न आहे, पण ज्याचा पाय एखाद्या निर्णयात अडकला आहे, त्याला. पुण्याला नोकरी करणारा मुलगा, ज्याला गावी येऊन चार एकर करायची आहेत आणि बायकोला तसे सांगायचे धाडस होत नाही. किंवा साठी उलटलेले आपले सभासद, ज्यांनी सात-बारावर मुलाचे नाव लावले पण बांधावरून हुकूम सोडणे अजून थांबले नाही. पती गेल्यावर शेअर ज्यांच्या नावावर आला त्या भगिनींचे उदाहरण तर प्रत्येक गटात आहे. दीर म्हणतात जमीन आम्हाला कसायला द्या, भाऊ म्हणतो विकून टाक, मुलगी म्हणते आपण दोघी करू. सांगणारे तीन आणि विचारणारा एकही नाही. अशा वेळी, यांत ज्याचा काडीचा फायदा-तोटा नाही असे एखादे माणूस शांतपणे बसून "तुम्हाला स्वतःला काय करावेसे वाटते?" असे विचारील, तर ते फार मोठे काम आहे. आम्ही तर म्हणू की त्या बाईला आयुष्यात हा प्रश्न बहुधा पहिल्यांदाच विचारला जाईल.

याचा गुण येतो का? नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१४ साली १८ अभ्यास एकत्र तपासले. नोकरीतल्या माणसांना कोचिंगचा फायदा होतो, ठरवलेले काम पार पाडणे, कामाबद्दलची वृत्ती, ताण सोसण्याची ताकद यांत सुधारणा दिसते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. पण ते अभ्यास कंपन्यांतल्या, पगारदार माणसांवरचे होते. हलक्या जमिनीतला प्रयोग काळ्या रानात जसाच्या तसा उतरेल असे आपण कधी धरत नाही, तसेच हेही धरू नये.

कोणी जाऊ नये हे सांगणे त्याहून महत्त्वाचे आहे. अडचण पैशाची असेल तर प्रश्न विचारून पैसे येत नाहीत. सोसायटीचे कर्ज थकले असेल तर सचिवांकडे आणि बँकेत जावे, वाटणीचा दावा असेल तर वकिलाकडे, रानात हुमणी असेल तर आमच्याकडे. दारू सुटत नसेल तर तो आजार आहे, त्याला व्यसनमुक्ती केंद्र लागते. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करीत आहे.

आणि एक गोष्ट जरा थांबून वाचावी. एखादे माणूस पंधरा दिवसांहून अधिक नीट झोपत नाही, जेवण तुटले आहे, रानाकडे फिरकत नाही, ज्यात रस होता त्यात रस राहिला नाही, माझा आता काही उपयोग नाही असे बोलते, किंवा उगाच सगळ्यांचे हिशेब पुरे करीत सुटले आहे, तर ते माणूस निर्णयात अडकलेले नाही, आजारी आहे. त्याला लाइफ कोचकडे नेणे म्हणजे हृदयविकाराच्या माणसाला तालमीत नेणे. त्याला डॉक्टर लागतो. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञांची सोय असते. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलिमानस ही फोनसेवा आहे, नंबर १४४१६, पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्री लागतो आणि मराठीत बोलता येते. हा नंबर घरात कॅलेंडरवर लिहून ठेवावा. अशा घरात तणनाशकाचे आणि कीटकनाशकाचे डबे खोलीत उघडे ठेवू नयेत, कुलपात ठेवावेत आणि किल्ली दुसऱ्याजवळ असावी. "मरायचे विचार येतात का?" असे सरळ विचारले तर ते विचार वाढतात, ही समजूत खरी नाही. विचारावे, आणि त्या माणसाला एकटे सोडू नये.

आता त्या रंगीत पत्रकाकडे येऊ. आपल्या देशात लाइफ कोच होण्यासाठी कायद्याने कुठलीही परीक्षा किंवा नोंदणी सक्तीची नाही. डॉक्टरची नोंदणी वैद्यकीय परिषदेकडे असते, रोगोपचार करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. लाइफ कोचची अशी कुठेच नसते. उद्या आम्ही आमच्या दारावर ती पाटी लावली तर आम्हाला कोणी अडवणार नाही. वर सांगितलेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेची प्रमाणपत्रे आहेत. पहिल्या पायरीला प्रशिक्षणाखेरीज प्रत्यक्ष बैठकांचा १०० तासांचा अनुभव लागतो, दुसऱ्या पायरीला ५०० आणि सर्वांत वरच्या पायरीला २५०० तास. पण हे प्रमाणपत्र घ्यायचे की नाही ते ज्याच्या त्याच्या खुशीवर आहे.

मग शोधावे कसे? बियाण्याची पिशवी घेताना टॅग बघतो तसे. कुठे शिकलात, किती तास बैठका घेतल्यात, किती बैठकांत काम होईल, पैसे एकूण किती, मधे सोडले तर परत किती, माझे बोलणे कोणाला सांगणार नाही हे लिहून देता का, असे सगळे आधी विचारावे. चांगला कोच यावर रागावत नाही. आणि "हे माझे काम नव्हे, तुम्ही डॉक्टरांना दाखवा" असे तुम्ही कोणाला कधी म्हणालात का, हे जरूर विचारावे. जो कधीच तसे म्हणाला नाही त्याच्याकडे जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दोनशे माणसे एका हॉलमध्ये, मोठ्याने गाणी, टाळ्या, हात वर करून ओरडणे, नव्वद दिवसांत कोट्यधीश, आणि शेवटी 'आज पैसे भरणाऱ्यास निम्म्या दरात पुढचा कोर्स', हे कोचिंग नव्हे. एकाने एकाचे ऐकणे हा ज्याचा गाभा आहे ते काम दोनशे जणांत होणारच कसे? आमच्या भागातल्या एका तरुणाने असा पहिला कोर्स केला, मग दुसरा, मग तिसरा. आडसालीच्या लागणीच्या खताचे पैसे त्यात गेले आणि भरणीला ऊस पिवळा पडला. कोर्सवाल्यांनी त्याला सांगितले की तुझी इच्छाशक्ती कमी पडली. बिचाऱ्याला ते खरे वाटले. उसाला युरिया कमी पडला होता हो!

आबांच्या चिरंजिवाला आम्ही हे सगळे सांगितले आणि पत्रक परत दिले. जाऊ नको असे म्हटले नाही, विचारले की, "शिबिरात जाऊन तुला काय मिळवायचं आहे?" तो म्हणाला, "साहेब, मला रोपवाटिका काढायचीय आणि आबांशी बोलायला भ्या वाटतंय." आबा त्या वेळी बाहेर कट्ट्यावर बसले होते. पुढे त्या दोघांचे काय बोलणे झाले ते आम्हाला माहीत नाही, पण परवा त्याने एक डोळा रोपांचे ट्रे कुठे मिळतात म्हणून फोन केला होता.

ज्यांना शहरातल्या कोचची फी परवडत नाही, म्हणजे आपल्यातले बहुतेक, त्यांनी एक करून बघावे. भावकीतला नव्हे, बांधाशेजारचाही नव्हे, असा एक विश्वासाचा सभासद गाठावा. आठवड्यातून एक तास बसावे. अर्धा तास एकाने बोलायचे आणि दुसऱ्याने फक्त विचारायचे, मग उलट. सल्ला द्यायचा नाही, "माझ्या वेळी असं झालं होतं" हे सांगायचे नाही, ऐकलेले बाहेर न्यायचे नाही. उठताना पुढच्या आठवड्यात करायचे एकच काम ठरवायचे. सोपे वाटते, पण सल्ला न देता अर्धा तास बसणे हे उन्हात भरणी करण्याइतके अवघड आहे, हे आम्ही अनुभवाने सांगतो. आम्ही आमच्या एका सहकाऱ्याबरोबर हे करतो आणि अजूनही दहाव्या मिनिटाला आमची जीभ वळवळते. बचत गटातल्या भगिनींना हे पुरुषांपेक्षा लवकर जमेल, कारण आठवड्याला बसण्याची सवय त्यांना आधीपासून आहे.

यंदा आडसाली लागणीच्या गटबैठकांत पहिला अर्धा तास आम्ही बोलणार नाही. सभासदांनी बोलायचे, आम्ही विचारायचे आणि लिहून घ्यायचे असे ठरले आहे. जाती, बेणेप्रक्रिया, खतांचे हप्ते हे नेहमीचे सगळे त्यानंतर. ठिबकचे फॉर्म गट ऑफिसात आहेत. येताना सात-बारा, आठ-अ आणि बँक पासबुकाची झेरॉक्स आणावी. सामाईक विहीर असल्यास इतर हिस्सेदारांचे संमतीपत्र लागते. ते मिळत नसेल, तर फॉर्म बाजूला ठेवून आधी आमच्याकडे नुसते बसायला या.

आपला,
ऊस विकास अधिकारी